दादाच्या डोक्यावरचे चार वाफे

पुंडलिकराव पांढरे कपडे घालून आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा दार माझ्या बाबांनी उघडलं. इथंच पंचाईत झाली, कारण पुंडलिकराव बाबांच्याच मरणाला आले होते.

बाबांचं नाव रघुनाथराव. पांढुर्ण्याच्या बाहेर संत्र्याचा बगीचा, गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत. पुंडलिकराव म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, राहुलचे, आजोबा. सौंसरहून गाडी करून आलेले. लग्न परवावर होतं. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. मेलेल्या माणसानं स्वतः दार उघडलं तर पाहुण्यानं काय म्हणावं, याची रीत आमच्या भागात ठरलेली नाही.

शेवटी ते पांढरे कपडे बघून बाबांनाच काळजी वाटली. "या ना जी, बसा. कोन गेलं?"

"आम्ही तं तुमच्यापाशी इचाराले आलो," पुंडलिकराव म्हणाले, "का कोन गेलं."

मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. कोणीही गेलेलं नव्हतं. गेले होते ते माझ्या भावाचे केस, आणि तेही माझ्यामुळे.

आमच्या घराण्यात केस कुरळे. साधे कुरळे नाही. शाळेत मागच्या बाकावरची पोरं माझ्या डोक्यात खोडरबर लपवायची, त्यातलं एक अजून सापडायचं आहे. कुरळेपणाचं मला कधी काही वाटलं नाही. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते पांढरे व्हायला लागले. सरळ केसांमधला पांढरा केस निमूट पडून राहतो. कुरळ्यांमधला उभा राहून हात वर करतो, उत्तर येत असलेल्या पोरासारखा. आईचा आवळा झाला, माका झाला, कांद्याचा रस झाला. डोक्याला भजीचा वास यायला लागला आणि केस पांढरे होतच राहिले. मग दर रविवारी कडी लावून काळी पुडी. घरातले चार लोक आणि एक मैत्रीण सोडली तर कोणाला माहीत नाही. पावसात भिजायचं नाही, उन्हात घामेजलेलं डोकं कुठं टेकायचं नाही, पांढऱ्या उशीवर झोपायचं नाही, आणि हे सगळं मी आवडीनं करते असा चेहरा ठेवायचा.

सौंसरवाले मला बघायला आले तेव्हा राहुलच्या आत्यानं, जयवंताबाईंनी, माझ्या वेणीला हात लावून विचारलं होतं, "केस वरिजनल हाये ना वो?"

"आमच्या घरान्यात सत्तरीपर्यंत काळेच रायते जी," आई म्हणाली.

बाबांनी टोपी कानापर्यंत खाली ओढली. भावाला त्या दिवशी मुद्दाम बगीच्यात पाठवलं होतं. मी ट्रेमधल्या बिस्किटांकडे बघत राहिले. राहुल माझ्याकडे बघत होता.

असं लग्न जमलं.

पण लग्नात फोटो असतात. रश्मी माझी शाळेतली मैत्रीण, तिचं बसस्टँडजवळ पार्लर आहे. ती म्हणाली, "फोटोवाला डोस्क्यावर लाईट मारते. काळ्या पुडीचे कुरळे केस लाईटीत टायरसारखे दिसते. तुहं लग्न हाये का टायरचं?"

"मग काय लावू?"

रश्मीनं काउंटरवर सगळा माल मांडला. मेंदी लावली तर पांढरे केस केशरी होतात, म्हणजे डोक्यावर संत्र्याचा आंबिया बहार. शिवाय कुरळ्या केसांतून वाळलेली मेंदी काढायला दोन बायका लागतात. काळी पुडी तर होतीच. तिसरा, अमोनिया नसलेला तपकिरी रंग, डब्यातला. तो मऊ बसतो, पण कुरळा केस तहानलेला असतो म्हणे, रंग पिऊन टाकतो आणि महिन्याभरात विसरतो. चौथं, ब्लीच करून सोनेरी बटा.

"म्हंजे पांढरे लपवाचेच नाई," रश्मी म्हणाली. "त्याइले गर्दीत सोडून द्याचं. कोन पांढरा अन् कोन सोनेरी, सासूले काय समजते."

"यातलं माझ्या केसांना कोणतं चालेल?"

"सरळ केस राहाते तं मी ग्यारंटी देली असती. तुह्या केसाचं देवाले इचार."

देवाला विचारण्याआधी आमच्या घरी दुसरी एक पद्धत आहे. बगीच्यासाठी नवीन औषध आणलं की बाबा ते आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका झाडाला मारतात. झाडाला काही झालं नाही तर पुढं सगळ्या बगीच्याला. झाडाला काही झालं तर ते धुऱ्यावरचं होतं, असं म्हणून सोडून देतात.

माझं धुऱ्यावरचं झाड म्हणजे वैभवदादा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, केस तसेच कुरळे, तसेच बहुतेक पांढरे. एकाच कलमाची दोन झाडं आम्ही. फरक एवढाच की त्याचे पांढरे केस बघून लोक त्याला जिम्मेदार म्हणायचे, बँकेत खुर्ची द्यायचे. त्याला रंगाची काहीच गरज नव्हती. मी विचारलं तेव्हा तो विहिरीची मोटर दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "दुखते का?"

"नाही."

"मंग कर."

रविवारी गावात नळ नव्हता, म्हणून बगीच्यात गेलो. बाबा पत्रिका वाटायला गेले होते. मी दादाला संत्र्याच्या उलट्या कॅरेटवर बसवलं, कंगव्याच्या शेपटीनं डोक्याचे चार भाग केले आणि मध्ये कपड्यांचे चिमटे लावले. पुढं डावीकडं मेंदी, पुढं उजवीकडं काळी पुडी, मागं एकीकडं तपकिरी, दुसरीकडं ब्लीच.

"मधातून रस्ता सोड," दादा म्हणाला. "फवारनीवाला कुठून जाईन?"

पंधरा दिवस मी पुडी लावली नव्हती, नवा रंग नीट बसावा म्हणून, आणि ती पुडी आठवड्यात धुऊन उतरणारी. त्यामुळं माझं स्वतःचं डोकंही तेव्हा मुळापासून पांढरं होतं. झाडांशिवाय कोणी नव्हतं म्हणून मी ओढणी काढून ठेवली. रश्मीला पाठवायला दादाच्या डोक्याचा फोटो काढला, लांब हात करून. फोटोच्या कडेला मीही आले. म्हटलं, रश्मीच तर आहे.

मग धुतलं. मोटर खोललेली, म्हणून विहिरीचं पाणी नव्हतं. झाडाखाली एक निळा ड्रम होता, काठोकाठ भरलेला. बाबांनी पावसाआधी झाडांची बुडं रंगवायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, भिजवून ठेवला होता, चुना अजून मिसळायचा होता. ड्रम निळा, आतलं पाणी निळं. मला वाटलं ड्रमचाच रंग दिसतो. मी केमिस्ट्री घेऊन पदवीधर आहे, हे इथं सांगायची गरज नव्हती.

बाकीचे तीन वाफे जेमतेम निभावले. ब्लीचचा वाफा माझ्या डोळ्यांसमोर हिरवा झाला. एकदम नाही. आधी शंका आल्यासारखा, मग खात्री पटल्यासारखा.

"दादा, कसं वाटून राहिलं तुले?"

"थंड."

"अजून?"

"तू काहून इचारून राहिली?"

मी ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली. त्यानं मोटरसायकलच्या आरशात मान फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "तपकिरी चांगला दिसते. तू थो लाव."

तो खरंच चांगला दिसत होता. केसांची वळणं तशीच, पांढरे केस हलके तपकिरी, मुद्दाम केल्यासारखे. सोमवारी सकाळी रश्मीनं तो मला लावला. माझं डोकं सुंदर झालं. दादाचं डोकं रुमालात होतं. रश्मीनं रुमाल उचलून पाहिला आणि परत ठेवला. "तांबं हाये थे. आत्ता वरून काळं मारशीन तं चिखलाचा रंग येईन. आठ-दहा दिवस थांब."

लग्न गुरुवारी होतं.

दादानं मुंडन करायचं ठरवलं. पांढुर्ण्यातला प्रत्येक न्हावी त्याचा मित्र. हिरवं डोकं घेऊन त्यांच्यासमोर बसायची त्याला लाज वाटली. म्हणून तो मोटरसायकलवर सौंसरला गेला. सौंसरमध्ये आपल्याला कोण ओळखतं, असा त्याचा हिशेब. त्या गावात माझं सासर होणार आहे, एवढंच त्या हिशेबातून राहून गेलं.

तिथल्या राजू न्हाव्यानं रुमाल सोडला. हिरव्या केसांबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही, असं त्याचं मत असावं. त्यानं फक्त विचारलं, "कोन गेलं भाऊ?"

दादा लाजेनं मान खाली घालून बसला. त्यात ब्लीचमुळं त्याचे डोळे कालपासून गळत होते. राजूनं आणखी विचारलं नाही. आदरानं डोकं केलं, आणि रिवाजाप्रमाणे मिशीही काढून टाकली. आमच्याकडे मिशी बापासाठी जाते. मग कुठले, कोणाचे, एवढं विचारून घेतलं, आणि दादानं खरं सांगितलं, कारण खरं बोलायला त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं.

राजू रोज सकाळी पुंडलिकरावांची दाढी करतो.

संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग किंकाळी फोडली, मग धावत जाऊन बाबांना हात लावून पाहिला. "बाप जित्ता असताना मिशी काढली! पोट्ट्यानं बाप जित्ता असताना मिशी काढली!"

"मी जेवलो बी नाई अजून," बाबा म्हणाले.

रात्रीपर्यंत ठरलं: लग्नात दादा फेटा बांधेल, मिशीचं कोणी विचारलं तर फॅशन म्हणायचं, आणि उर्वशीच्या केसांबद्दल या घरातल्या कोणीही तोंड उघडता कामा नये. उर्वशी म्हणजे मी.

आणि मंगळवारी सकाळी पांढरे कपडे.

पुंडलिकराव खुर्चीत बसले. जयवंताबाई आल्याबरोबर रडायच्या तयारीत होत्या, बाबांना बघून त्यांना ते रडणं कुठं ठेवावं कळेना. राहुल गाडी लावून आला आणि दाराशीच थांबला. दादा भिंतीला टेकून उभा, डोक्यावर टॉवेल.

"रघुनाथराव, तुम्ही हाये, आनंद हाये," पुंडलिकराव म्हणाले. "पन इवाई, पोराची मिशी गेली म्हंजे कोनी तरी गेलं. सुतकात लगन लागत नाई. लपवू नका. मी माह्या घरी सुतकातली सून नेनार नाई."

"कोनी नाई गेलं जी!"

"मंग दाखवा."

माणसं मेली नाहीत हे दाखवायचं कसं? शेवटी बाबांनी फोन काढला आणि भाऊबंदांना एकेक करून व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली. मुलताईचे काका शेतातून बोलले. पुंडलिकरावांनी त्यांना हात हलवून दाखवायला सांगितलं. काटोलची मावशी दिसली. "मायकडचं सुतक नाई लागत," पुंडलिकराव म्हणाले, "पन आता लावलाच हाये फोन तं पाहून घेऊ." नरखेडच्या आत्या आंघोळीला गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत जयवंताबाई त्यांना जिवंत धरायला तयार नव्हत्या. सगळे जिवंत निघाले. एवढे नातेवाईक एका सकाळी जिवंत असल्याचा कोणालाच आनंद झाला नाही.

"मंग मुंडन काहून?" पुंडलिकरावांनी दादाला विचारलं.

दादानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. फटीतून मी त्याला दिसले असणार. मी मान हलवली. नाही अशी. मी ती हलवली नव्हती, असं मला आजही म्हणता येणार नाही.

"नवस होता," तो म्हणाला. "जामसांवलीच्या मारोतीचा."

खोली एकदम सैल झाली. जयवंताबाईंनी बसल्या जागी हात जोडले. "मारोतीराया! मंग आधीच सांगाचं ना बाप्पा. आमचा जीव टांगला. कायचा नवस होता?"

इथं दादानं गप्प बसायला हवं होतं.

"उर्वशीचं लगन जमू दे म्हनून."

जयवंताबाईंचे हात जोडलेलेच राहिले, पण देवापासून सुटले. "म्हंजे जमत नोतं?"

"तुम्ही पहिलंच स्थळ होतं जी!" आई म्हणाली.

"पहिल्याच स्थळाले नवस? इहीनबाई, पोरीत काई असल्याबिगर भाऊ मिशी देत नाई."

"माह्या पोरीत काई नाई!" बाबा उभे राहिले. गुडघा मध्येच अडला, म्हणून अर्धे.

"मंग नवस कायले बोलला हा?" पुंडलिकराव शांतपणे म्हणाले. शांत बोलणारा म्हातारा जास्त लागतो. "अडल्याबिगर नवस बोलत नाई कोनी. आतून काई दुखनं हाये का पोरीले? आत्ताच सांगा. पत्रिका वाटल्या तं वाटल्या."

"आतून काई नाई जी," दादा घाईनं म्हणाला. "आतून चांगली हाये."

"म्हंजे वरून हाये?"

दादानं टॉवेल तोंडावरून फिरवला. हिरव्या डोक्यानं सौंसर फिरून आलेला माणूस, माझ्यासाठी टक्कल करून घेतलेला, आता माझ्यासाठीच खोटं बोलत होता, आणि प्रत्येक वाक्यानं मला आणखी आजारी करत होता. मी दाराआड उभी. चहा उकळून भांड्याबाहेर आला होता. मला एवढंच वाटत होतं की त्यानं अजून एखादं खोटं शोधावं, चांगलंसं. मी शोधून देऊ शकले असते. लाजेला वास असेल तर तो त्या उतू गेलेल्या चहाचा.

मी बाहेर आले. हातात ट्रे नव्हता, त्यामुळं हातांचं काय करायचं कळत नव्हतं.

"कोनी मेलं नाई आन् नवस बी नोता," मी म्हणाले. "दादाचे केस हिरवे झाले होते."

पुंडलिकरावांनी कानामागे हात धरला. "हिरवे म्हंजे?"

"म्हंजे हिरवे. पोपटी नाई. पोपटीच्या जरासे खाली."

मी सगळं सांगितलं. चार वाफे, चिमटे, ब्लीच, ड्रम, मोरचूद. ऐकताना खरं वाटावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. बाबांना मोरचूद वाया गेल्याचं तेव्हाच कळलं. त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं छताकडे.

"पन हे रंग लावून पाहाची गरज कायले पडली?" जयवंताबाईंनी विचारलं.

इथपर्यंत गोष्ट दादाची होती. अजूनही तिथंच थांबवता आली असती. शौक होता त्याला, म्हणता आलं असतं. दादानंच श्वास घेतला तसं म्हणायला.

"माह्यासाठी," मी म्हणाले. "माहे केस पांढरे हाये."

"कितीक?"

"काळे मोजाले सोपे जाईन."

जयवंताबाई उठून आल्या. माझा भांग पाडला, दुसरीकडून पाडला, कानामागं पाहिलं. रश्मीचं काम चांगलं होतं. एकही पांढरा सापडला नाही. "खोटं बोलून राहिली ही," त्या वळून म्हणाल्या. "कायतरी झाकाले पोरगी पांढरे केस आंगावर घेऊन राहिली."

चार वर्षं लपवलेली गोष्ट मी एकदाची सांगितली, आणि ती कोणी घेईना.

मग मी फोन काढला आणि बगीच्यातला फोटो त्यांच्यापुढे धरला. मध्ये दादाचं डोकं, चिमट्यांसकट. कडेला मी, ओढणीशिवाय, हातात ब्रश, हसत होते. उन्हात डोकं चांदीच्या ताटासारखं. जगात माझा तसा एकच फोटो होता.

पुंडलिकरावांनी चष्मा लावला. "हे डोस्कं हाये का तहसीलचा नकाशा?" मग बोटांनी मोठं करून मागच्या निळ्या ड्रमशी थांबले. "मोरचूद चांगला दिसते. कुठून आनला रघुनाथराव?"

बाबा सांगायला लागणार होते. आईनं खोकून थांबवलं.

मग त्यांनी फोटो बाजूला सरकवला आणि मी आले. त्यांनी मलाही मोठं केलं. फोन जयवंताबाईंकडे गेला. त्यांनीही बोटांनी मला मोठं केलं. मग फोन राहुलकडे गेला. मी फरशीकडे बघत होते. आमच्या फरशीवर ठिपके आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं.

"आत्यानं इचारलं होतं," राहुल म्हणाला. 

"हो," मी म्हणाले. "नको असेल तर आत्ताच सांगा. मी राग धरणार नाही." भीतीनं मी एकदम शुद्ध बोलायला लागले होते.

"केसाचं नाई." त्यानं फोन मला परत दिला, स्क्रीन खाली करून. "तुही आई बोलली तवा तू बिस्किटाइकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, पोरगी लाजून राहिली. मी घरी जाऊन सांगितलं बी सगळ्याइले, का लाजरी हाये म्हनून."

मी फोन उलटा केला. स्क्रीनवर मी अजून हसत होते.

पुंडलिकरावांनी काठी टेकली. "सुतक नाई. म्हंजे लगन होईन. केसापायी लगन मोडलं तं लोक माह्यावरच हासतीन. पन सारं सौंसर समजून राहिलं का रघुनाथराव गेले. बोरगावपर्यंत बातमी गेली. परवा माहे पाहुने मांडवात येतीन अन् मनात म्हनतीन, आमाले सुतकातलं जेवाले घातलं. हे मले चालनार नाई. हा पोरगा गेटवर उभा राहीन अन् येईन त्याले खरं सांगीन."

"फेटा बांधून सांगतो जी," दादा म्हणाला.

"फेट्यात काय दिसते? उघड्या डोस्क्यानं."

"कितीक खरं सांगू?"

"पुरं."

ते गेले. राहुल गाडीत बसताना म्हणाला, "येतो परवा." तो येतो असंच म्हणाला ना, हे मी आईला विचारून घेतलं. मग दादाला विचारलं. मग परत आईला.

गुरुवारी तो आला. लग्न लागलं. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या. डोक्यावर पडलेली प्रत्येक अक्षता मला कोणीतरी बोट दाखवल्यासारखी वाटली. नंतर आम्हाला स्टेजवर सोफ्यावर बसवलं. लॉनचं गेट तिथून सरळ दिसत होतं. गेटजवळ पहिल्या खुर्चीवर बाबांना बसवलं होतं, जिवंत दिसावेत म्हणून. लोक त्यांना नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं भेटत होते. आणि गेटच्या मधोमध दादा, नवा शर्ट, उघडं डोकं, त्यावर मांडवाच्या झालरीची सावली.

मी वाट बघत होते. आता लोक स्टेजवर येतील, आधी माझ्या केसांकडे बघतील, मग तोंडाकडे. लोक आले. पाकीट दिलं, फोटो काढला, हसले, गेले. केसांकडे कोणी पाहिलं नाही. मला वाटलं, सौंसरची माणसं भलती चांगली आहेत.

मग राहुलकडच्या एक मामी माझ्या कानाशी वाकल्या. "तुहा भाऊ भल्ला शौकीन हाये वो. बहिनीच्या लग्नात हिरवे केस कराले गेला म्हने! वय काय, अन् हे काय. लगन झालं का त्याचं?"

"नाही."

"कसं होईन," त्या म्हणाल्या आणि फोटोसाठी हसल्या.

मी गेटकडे पाहिलं. एक जाडजूड काका दादाच्या टकलावर टपली मारून हसत होते, त्यांच्या मागची पोरं हसत होती, आणि दादाही हसत होता, टपली मारून घ्यायला मान जरा पुढं करून. पुरं खरं त्यानं सांगितलंच नव्हतं. अर्ध्यावरच थांबवलं होतं, जिथं मी सुरू होते तिथं.

राहुलनं मामींचं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी बघत होता तसाच. समोर टेबलावर बिस्किटं नव्हती. बघायला दुसरं काही नव्हतं.

मी उठले.

"कुठं चालली?" जयवंताबाईंनी मागून विचारलं. "नवरी उठत नाई अशी!"

शालू दोन्ही हातांनी धरून लॉनमधून चालत गेटपर्यंत जायला वेळ लागतो. फोटोवाल्याला वाटलं कार्यक्रमात आहे, तो लाईट घेऊन मागं आला. सगळे वळून बघायला लागले. दादानं मला येताना पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"तू कायले आली? जा तिकडं. झालंच हाये आता माहं."

"सरक," मी म्हणाले.

"अवो पागल, लोक पाहून राहिले."

"सरक म्हनलं ना."

तो सरकला. एक म्हातारं जोडपं गेटमधून आत आलं, काकांच्या हातात काठी, काकूंच्या हातात भेटवस्तूचा डबा. काकांनी दादाचं डोकं पाहिलं आणि चेहरा पाडला. "कोन गेलं बाबू?"

दादानं तोंड उघडलं, पण आधी मी बोलले. आवाज माझा वाटला नाही, कोणीतरी नळ सोडल्यासारखा फुटून आला. "कोनी नाई गेलं काकाजी. माहे केस पांढरे हाये. हे तपकिरी दिसून राहिले थे रंगोलेले हाये. कोन्ता रंग चांगला बसते हे माह्या भावाच्या डोस्क्यावर लावून पाहिलं, म्हनून त्याचं डोस्कं गेलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. मागं लाईट घेऊन उभ्या असलेल्या फोटोवाल्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "जेवन कोन्या बाजूनं हाये?"

दादानं हात करून दाखवलं. ते गेले. काकू जाता जाता वळून माझे केस बघत राहिल्या.

माझे कान इतके तापले होते की झुमके चटका देत होते. वाटलं होतं, एकदा बोलून झालं की दुसऱ्यांदा सोपं जाईल. रस्त्याच्या पलीकडे रामाकोन्याच्या पाहुण्यांची अख्खी बस येऊन थांबली आणि माणसं उतरायला लागली.